मस्टरवर सही होण्याआधीचे भाऊसाहेब

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी पायातल्या चपला काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे भाऊसाहेब. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणे त्याला स्वतंत्र खोली होती, खिडक्यांना पडदे होते आणि दाराबाहेर 'चपला येथे काढाव्यात' अशी पाटी होती. पुढे पडदे गेले, त्या खोलीत नववीचा वर्ग भरायला लागला, कॉम्प्युटर ऑफिसात आला आणि त्याच्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. भाऊसाहेबांनी मात्र ती पाटी मनातून काढली नाही. टेबलाखाली चपला काढायच्या, पायानेच एकीशेजारी एक सरळ लावायच्या आणि मगच बटण दाबायचं. मशीन जुनं, सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचं. तेवढ्यात कोणी दाखला मागायला आलं तर भाऊसाहेब शांतपणे सांगायचे, "जरा थांबा, ते अजून उठले नाहीत."

'ते' म्हणजे कॉम्प्युटर. भाऊसाहेब सगळ्यांनाच अहो-जाहो करत. शिपायाला, पाचवीतल्या पोरांना, ऑफिसात शिरलेल्या मांजरालासुद्धा. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला कायम 'ताई' आणि 'आपण'. आधी मला वाटलं, माझी थट्टा करतात. सहा महिन्यांनी कळलं की या माणसाला थट्टा करताच येत नाही.

आमची शाळा गंगापूर रोडवरून जरा आत, एका गल्लीच्या टोकाला. ऑफिसात आम्ही तिघं होतो. भाऊसाहेब हेडक्लार्क, आप्पा सीनियर क्लार्क आणि मी ज्युनियर. मी सिडकोतून स्कूटीवर यायची आणि वेळेवर पोचणं माझ्या स्वभावात नव्हतं. ऑफिस साडेदहाला सुरू व्हायचं. दहा पस्तीसला भाऊसाहेब मस्टर स्वतःपुढे ओढून घेत आणि त्यानंतर येणाऱ्याच्या सहीशेजारी लाल पेनने वेळ लिहीत. माझ्या नावापुढचा महिना लाल आकड्यांनी भरून जायचा. मी चिडायची, आणि त्यांना माझ्या चिडण्याचं काहीच वाटायचं नाही, म्हणून आणखी चिडायची.

एकदा मुंबई नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकले होते. फोन केला आणि लाडीगोडीने म्हटलं, भाऊसाहेब, आज तेवढी माझी सही करून टाका ना. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पोचले तर मस्टर उघडं, माझ्या ओळीखाली फूटपट्टी ठेवलेली आणि भाऊसाहेब हातात लाल पेन घेऊन बसलेले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, सही म्हणजे माणूस. आपण इथे नव्हतात, तर आपली सही इथे कशी असेल?" मी सही केली. त्यांनी वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी मी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी हजर होते, निव्वळ त्यांना खिजवायला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या राज्यात एक कॉम्प्युटर असा होता की ज्याच्यावर कोणाचीच सही नव्हती. जुन्या मशीनवर एकच नाव, 'ऑफिस'. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याला वेळ मिळेल त्याने बसावं. समोरच्या पडद्यावर फायलींची दाटी झालेली, त्यांची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'खरं नवीन' आणि 'आप्पा हे पुसू नका'. कोणी काय टाइप केलं हे कोणालाच सांगता आलं नसतं. मस्टरच्या बाबतीत इतके कडक असलेले भाऊसाहेब याबद्दल चकार शब्द काढत नव्हते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या वेळी आमचं मोठं काम म्हणजे जुनी जनरल रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवणं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, सगळं त्या जाडजूड वह्यांत. कागद इतका पिकलेला की पान उलटताना कोपरा हातात यायचा. लोक पन्नास पन्नास वर्षांनी आजोबांची नोंद शोधत यायचे. ते रजिस्टर फाटून गेलं की त्या घराचा पुरावाच संपला. म्हणून तिघांनी रोज थोडं थोडं टाइप करायचं, असं ठरलेलं होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी संस्थेने दोन नवे कॉम्प्युटर पाठवले. बरोबर एक तरुण माणूस आला, त्याने दिवसभर बसून नवी सिस्टिम बसवली आणि जाताना सांगितलं की आता प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि महिन्याच्या शेवटी कोणी किती नोंदी केल्या याची यादी आपोआप निघेल. मी कोर्स केलेला म्हणून सगळी खाती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला मनातून आनंद झाला. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना, कोण किती काम करतं ते.

भाऊसाहेबांनी विरोध केला. पहिल्या दिवशी म्हणाले, एका ऑफिसला एक दार पुरतं, तीन कशाला? दुसऱ्या दिवशी म्हणाले, सारखं आत-बाहेर केल्याने मशीनला त्रास होईल. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, दोन पानी पत्र दिलं. मोठ्या बाई कमी बोलणाऱ्या आणि तीक्ष्ण नजरेच्या. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे होणार आहे." भाऊसाहेब बरं म्हणून परत आले आणि खुर्चीत बसून बराच वेळ पेन पुसत राहिले. मी आपली हसत होते. म्हातारा माणूस, नव्याला बिचकतो, असा माझा सरळ हिशेब.

खातं उघडायचा दिवस मला लख्ख आठवतो. मी त्यांना पासवर्ड घालायला सांगितला. त्यांनी मला आणि आप्पांना ऑफिसबाहेर व्हरांड्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटांनी दार उघडलं. कपाळावर घाम. म्हणाले, "ते नको म्हणतात." मी समजावलं की पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागतं. त्यावर त्यांचा प्रश्न असा की माझ्या गुप्त शब्दात काय असावं हे त्यांनी का ठरवावं? आम्ही पुन्हा व्हरांड्यात गेलो.

खरी गंमत पुढे झाली. पासवर्ड विसरलात तर ओळख पटावी म्हणून सिस्टिम एक प्रश्न विचारते. त्यांच्या वाट्याला आला, 'लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव काय?' माझ्यासारखीने चार अक्षरं ठोकून दिली असती. भाऊसाहेबांनी मशीन बंद केलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशीही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निफाडकडच्या कोणा नातेवाइकाकडून एक नंबर मिळवला आणि ऑफिसच्या फोनवरून, आमच्या समोर, एका माणसाला विचारलं की मी तुमचं नाव एके ठिकाणी जिवलग मित्र म्हणून लिहिलं तर आपली हरकत आहे का?

दोघांची तीस वर्षांत भेट नव्हती. चौथ्या दिवशी तो मित्र द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन ऑफिसात दाखल झाला. धोतर, टोपी, पायाला शेतातली माती. पेटी टेबलावर आपटून म्हणाला, "लय वर्षांनी आठवण झाली रे तुला. ती बी मशिननं विचारलं म्हणून." भाऊसाहेबांना 'अरे-तुरे' करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. दोघं दुपारभर व्हरांड्यात बसून होते आणि आम्ही द्राक्षं खात भाऊसाहेबांचं काम करत होतो. त्या मित्राचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. ते भाऊसाहेबांचं उत्तर आहे.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरची पूजा केली. कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पण प्रत्येक मशीनवर तीन तीन फुलं ठेवली. मी विचारलं, तीन का? म्हणाले, आता आत तिघं आहेत ना.

आता आप्पांविषयी. आप्पा सटाण्याकडचे. अंगाने आडवे, बोलायला गोड, तोंडात अहिराणी. आणि अक्षर असं की त्यांच्या हातचा शाळा सोडल्याचा दाखला लोकांनी फ्रेम करून भिंतीला लावलेला मी पाहिलाय. पूर्वी संस्थेच्या सगळ्या शाळांची मानपत्रं आप्पांकडे लिहायला यायची. सगळं ऑफिस त्यांच्या डोक्यात होतं. कोणी येऊन म्हटलं की माझे वडील अमक्या साली सातवीत होते, तर आप्पा खुर्चीतून न उठता सांगायचे, तिसऱ्या कपाटात वरून दुसरं रजिस्टर, मधल्या पानांच्या आसपास बघ. मी बघायची आणि तिथेच असायचं.

गेली काही वर्षं आप्पांना साखर होती. कागद वाचायचा झाला की ते उठून खिडकीशी जायचे आणि ट्यूबलाइटला शिव्या द्यायचे. खातं उघडताना त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊसाहेबांना म्हणाले, तुम्हीच वाचा, मला या इंग्रजीचा कंटाळा. मला वाटलं, भीड वाटते. पण महिन्याची पहिली यादी निघाली तेव्हा माझ्या नावावर रोजच्या चाळीसेक नोंदी होत्या आणि आप्पांच्या नावावर तीस. मला नवलही वाटलं आणि बरंही. म्हातारा शिकला म्हणायचा, मी उशिरा पोचते तोवर उरकत असणार.

मग मार्चमध्ये परीक्षेच्या गडबडीत मला एक दिवस लवकर यावं लागलं. सव्वानऊ वाजले असतील. शिपाई व्हरांडा झाडत होता. ऑफिसचं दार नुसतं लोटलेलं. आत भाऊसाहेब कॉम्प्युटरपुढे बसले होते, चपला टेबलाखाली, शेजारी जनरल रजिस्टर उघडं. दोन बोटांनी, पण न थांबता टाइप करत होते. मी मागून गेले. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ज्याचं खातं उघडलेलं असतं त्याचं नाव दिसतं. तिथे आप्पांचं नाव होतं.

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला आनंद झाला. दोन वर्षं लाल आकडे सहन केलेल्या बाईला असा क्षण देव एकदाच देतो. मी म्हटलं, "भाऊसाहेब, सही म्हणजे माणूस ना?"

ते दचकले नाहीत. हातातली नोंद पूर्ण केली, रजिस्टरवर बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिली, मग खुर्ची वळवली. म्हणाले, "ताई, बसा. आप्पांना पडद्यावरचं दिसत नाही. दीड वर्ष झालं."

मी बसले. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. डोळ्यांच्या आतल्या पडद्याला साखरेने इजा झाली होती, उपचार चालू होते, पण गेलेलं परत येणार नव्हतं. माणसं, दारं, टेबलं आप्पांना ओळखू यायची. अक्षर ओळखू यायचं नाही. जुन्या मशीनवर सगळे एकाच नावाने काम करत, त्यामुळे भाऊसाहेब स्वतःच्या वाट्याबरोबर आप्पांचा वाटाही उरकत आणि ते कोणाला कळायचं कारण नव्हतं. नवी खाती आली आणि आडोसा गेला. दोन पानी पत्राचा अर्थ मला आत्ता लागला.

मी म्हटलं, पण असा नियम असेल ना, नोकरीत असताना डोळे गेले तर माणसाला काढता येत नाही. भाऊसाहेब म्हणाले, आहे, नियम त्यांनीच आप्पांना वाचून दाखवला होता. नोकरीला धक्का लागणार नाही, दुसरं काम मिळेल. "पण त्यासाठी कागदावर लिहावं लागतं, ताई, की यांना अक्षर दिसत नाही. आप्पा म्हणाले, आयुष्यभर मी लोकांचे कागद लिहिले. माझ्याबद्दल हे कोणी कागदावर लिहू नका. निवृत्तीला पावणेदोन वर्षं आहेत, तेवढी निघू द्या."

एवढंच होतं ते. पगार नाही, पेन्शन नाही. आपल्या अक्षरावर जगलेल्या माणसाच्या नावापुढे ते वाक्य लिहिलं जाऊ नये, एवढ्यासाठी भाऊसाहेब रोज सव्वानऊला येत होते.

मग मी तो प्रश्न विचारला जो मला सगळ्यात जास्त छळत होता. दुसऱ्याची सही कधीच न करणारा माणूस दुसऱ्याच्या पासवर्डने कसा बसतो? भाऊसाहेबांनी त्याचाही विचार केलेला होता. ते म्हणाले, साडेदहाला मी मस्टरवर सही करतो, तिथून मी शाळेचा. त्याआधीचा वेळ माझा आहे. माझ्या वेळात मी मित्राला मदत करतो, हेडक्लार्क म्हणून नाही. म्हणूनच ते सही करण्याआधी आप्पांचं काम संपवत, त्यांच्या खात्यातून बाहेर पडत, मस्टरवर सही करत आणि मग स्वतःच्या खात्यात शिरत. चहासुद्धा सही झाल्यावरच घेत, कारण चहा शाळेचा होता.

हे ऐकून हसावं की रडावं ते कळेना. पण त्या दिवसापासून आप्पांच्या वाट्याची रजिस्टरं आदल्या संध्याकाळी काढून, पानांत खुणेचे कागद घालून भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवायला लागले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. माझ्या उशिराचे लाल आकडे मात्र चालूच राहिले.

असं सव्वा वर्ष बिनबोभाट गेलं. आप्पांचे सहा महिने उरले होते. मे महिन्यात त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, गावी. त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. अर्ज मी लिहिला, आप्पांनी अंदाजाने सही केली, भाऊसाहेबांनी शिफारस केली आणि मोठ्या बाईंनी मंजूर केला.

महिनाअखेरीला संस्थेकडून नवीन फर्मान आलं की नोंदींची यादी आणि रजेचं रजिस्टर एकत्र लावून पाठवा. मी यादी छापून सवयीने मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आणि भाऊसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं. आप्पा बाहेर खिडकीशी एका पालकाला नोंद सांगत होते. बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. आप्पा रजेवर होते त्या दोन्ही दिवशी त्यांच्या नावावर तीस-तीस नोंदी होत्या. वेळ सकाळी नऊ वीस ते दहा वीस.

भाऊसाहेब रजेच्या दिवशीही आले होते. स्वतः शिफारस केलेली रजा ते कसे विसरले, हे मला तिथे उभं राहून समजेना.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सगळ्यांची खाती तुम्ही उघडू शकता, बरोबर? जुन्या लोकांच्या नोंदी आहेत या. कोणाची जन्मतारीख, कोणाची जात. दुसऱ्याच्या नावाने आत शिरून कोणी काही बदललं असेल, तर मला पोलिसांत जावं लागेल."

मी खोटं सांगणार नाही. आप्पांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. माझी नोकरी इनमिन तीन वर्षांची, घरी दोन लहान मुलं. एका वाक्यात मी मोकळी झाले असते. पण माझ्या आधी भाऊसाहेब बोलले. "मी होतो, बाई. त्या नोंदी मी केल्या. ताईंना यातलं काही माहीत नाही."

बाईंनी कारण विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. नोंदी मूळ रजिस्टराशी ताडून पाहा, एक अक्षर चुकलेलं सापडलं तर मला पोलिसांत द्या, एवढंच भाऊसाहेब म्हणाले. बाईंनी खरंच ताडल्या. दोन दिवस लागले. साठही नोंदी बिनचूक निघाल्या. पण दुसऱ्याच्या खात्यात शिरणं ही चूक होतीच, आणि ती कागदावर आली होती. भाऊसाहेबांना मेमो मिळाला.

त्यांनी लेखी खुलासा दिला. तो मी वाचला आहे. 'सदर दिवशी सदर खात्यात मी काम केले. संबंधित कर्मचाऱ्यास याची कल्पना नव्हती. चूक पूर्णपणे माझी आहे.' मधलं वाक्य खरं नव्हतं. पासवर्ड आप्पांनीच दिला होता. एकतीस वर्षांत भाऊसाहेबांनी कागदावर लिहिलेलं असं दुसरं वाक्य मला तरी माहीत नाही.

शाळेत सर्विस बुकं लिहायचं काम हेडक्लार्कचं. कोणाची वेतनवाढ, कोणाची रजा, कोणाला मिळालेला मेमो, सगळं भाऊसाहेबांच्या हातचं. त्यामुळे स्वतःच्या कोऱ्या, स्वच्छ सर्विस बुकात हा मेमोही त्यांनाच लिहावा लागला. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर त्यांनी तो लिहिला. मी समोर बसले होते. ओळ सरळ यावी म्हणून खाली फूटपट्टी धरली होती. लिहून झाल्यावर टिपकागदाने टिपलं आणि बाईंच्या सहीसाठी खूण घातली.

मी विचारलं, रजा तुम्हीच तर पुढे पाठवली होती, मग विसरलात कसे? ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "विसरलो नाही, ताई. रजा साडेदहाला सुरू होते."

मला रडू आलं. लाज न बाळगता सांगते, मी त्यांच्यासमोर टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी गप्प होईपर्यंत वाट पाहिली. मग एकच गोष्ट मागितली. हे आप्पांना कळता कामा नये. कळलं तर ते उद्या सकाळी बाईंपुढे जाऊन स्वतःबद्दल सगळं सांगतील, आणि मग इतकी वर्षं केलेलं पाण्यात जाईल. मी शब्द दिला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी कामं बदलून दिली. आप्पांनी खिडकीवर बसून येणाऱ्या लोकांना नोंदी शोधायला मदत करायची, टाइप करायचं काम आम्ही दोघांनी वाटून घ्यायचं. कारण दिलं नाही. त्यांना किती कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. आप्पा खूश झाले. म्हणाले, बाईंना अखेर समजलं की मी मशीनपेक्षा लवकर सांगतो. भाऊसाहेब त्यानंतरही महिनाभर सव्वानऊला येत होते. काम नसायचं. खुर्चीत बसून साडेदहा व्हायची वाट बघायचे.

आप्पांचा निरोप समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ, पोरांचं गाणं. मानपत्र छापील होतं, कारण आप्पांचं मानपत्र लिहायला आप्पांइतकं चांगलं अक्षर कोणाचंच नव्हतं. पुढच्या रांगेत पहिली खुर्ची भाऊसाहेबांची, पण ते तिथे नव्हते. चहाचे कप कमी पडतील म्हणून ते मागच्या दाराशी मोजदाद करत उभे होते.

आप्पा बोलायला उठले. म्हणाले, मी काही भाषण करणारा माणूस नाही. मग पोरांना दोन गोष्टी सांगितल्या, शाळेच्या जुन्या इमारतीबद्दल बोलले. शेवटी ते घरच्या बोलीवर आले. "भाऊसाहेब आनी मी, आम्ही एकच महिनामा लागनूत. एकतीस वरीस व्हयनात. दोन्हीसना सर्विस बुकमा एक बी मेमो नही. हीच आमनी कमाई शे."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या फुलांकडे बघत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

आप्पा हसत पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीकडे वळले. एव्हाना त्यांना लांबचा माणूसही दिसेनासा झाला होता; तिथे भाऊसाहेब आहेत असं समजून, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी विचारलं, "खरं शे ना, भाऊसाहेब?"

टाळ्या थांबत आल्या होत्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. आणखी दोन क्षण गेले असते तर आप्पांना दिसत नाही हे सगळ्या हॉलला कळलं असतं. भाऊसाहेबांनी हातातले कप शिपायाच्या हातात दिले, भिंतीच्या कडेने पावलांचा आवाज न करता भराभर पुढे आले आणि त्या खुर्चीत बसले.

"खरं आहे, आप्पा," ते म्हणाले.